कातडीतले ताणे

मुलुंडच्या त्या प्रयोगशाळेत घराण्यात आतड्यांतल्या गाठींचा आजार असलेल्यांच्या कातडीच्या पेशी तपासत. तुलनेला लागणारी निरोगी कातडी आपल्यातल्याच कुणीतरी द्यायची, अशी तिथली रीत. या खेपेला संघमित्राने हसत हसत दंड पुढे केला होता.

निरोगी पेशीतले बारीक तंतू मागावरच्या ताण्यांसारखे सरळ ओढलेले दिसतात. त्या घराण्यांतल्या माणसांच्या पेशींत ते विस्कटतात. आज सूक्ष्मदर्शकाखाली संघमित्राच्या पेशींतही ते विस्कटलेले होते.

"प्लेट्सची अदलाबदल केलीस तू, दुसरं काय," शेजारी काम करणारी गंधाली म्हणाली. "झोप काढ जरा, बाई."

संघमित्राने आपल्या पेशी पुन्हा रंगवल्या. तंतू तसेच, गुंता झालेल्या सुतासारखे. मग तिने जिन्यात जाऊन आईला फोन लावला.

"आई, बाबांचं पोटाचं दुखणं म्हणजे नक्की काय होतं गं?"

"आतड्यात गाठी. तुझ्या आत्यालाही तेच. तू लहान होतीस, कशाला सांगायचं?" आईने लगेच विचारलं, "का गं, आज मधेच?"

"काही नाही. जेवलीस का?"

दंडावरचा बारका व्रण ती अंगठ्याने चोळत राहिली. मग आत येऊन गंधालीला म्हणाली, "अदलाबदल नव्हती झाली गं. निरोगी कातडी दुसऱ्या कुणाची तरी घे."