आवडतं नाव विचारलं कुणाला?

हौसाच्या मोबाइलवर पतपेढीचा मेसेज आला तेव्हा तिचे दोन्ही हात बांगड्याच्या मसाल्यात होते. म्हणून खेड डेपोसमोरच्या तिच्या खानावळीत गल्ल्यावर बसणाऱ्या सगुणानेच तो मोठ्याने वाचला. "नमस्कार राणी, तुमचा हप्ता सोमवारी आहे." सगुणाला हसू आवरेना. "अगो हौसा, पतपेढी तुला राणी म्हणते गो! लाडात आली की काय?"

हौसा हसली नाही. राणी हे नाव जगात एकाच तोंडून निघायचं. रात्री हात उगारायचा आणि सकाळी चहा भुरकत 'राणी, रागावलीस?' म्हणायचं, ही तिच्या नवऱ्याची रीत. त्याला बुरोंडीत सोडून ती खेडला आली, तेव्हा आपला पत्ता तिनं सख्ख्या भावालासुद्धा कळू दिला नव्हता. आणि आज तेच नाव पतपेढीच्या तोंडी? म्हणजे कुणीतरी त्याच्याशी बोललं होतं!

ती हात न धुताच निघाली.

पतपेढीतला कारकून नितेश भलताच खुशीत होता. "कसा वाटला मेसेज, मावशी? नवीन सॉफ्टवेअर आलंय. गिऱ्हाइकाला त्याच्या आवडत्या नावानं हाक मारायची, म्हणजे आपलेपणा वाटतो, असा वरून हुकूम आहे."

"मग मला विचारलंस?"

"बायका लाजतात हो सांगायला. म्हणून सगळ्या बायकांच्या घरधन्यांनाच फोन केले. तुमचे यजमान तर काय गोड बोलले! खानावळ कुठे तेही विचारलं. म्हटलं, डेपोच्या अगदी समोर. उद्या सकाळच्या दापोली गाडीनं येतो म्हणाले."

"मेल्या!" हौसाचा आवाज असा चढला की सगळी रांग वळून बघायला लागली. "कर्ज देताना त्याचा नंबर हट्टानं मागितलास तो तूच. तिथे कधी फोन करणार नाही म्हणून देवाशपथ सांगितलंस तेही तूच. दर महिन्याला तुझ्यापुढे उभी राहते मी! माझं नाव मला विचारायला तुझी जीभ झडली होती?"

रांगेतली एक मासेवाली पुढे सरकली. "आणि माझ्या घोवानं काय सांगितलान रे?"

नितेशनं स्क्रीनकडे पाहिलं. "म्हातारी," तो पुटपुटला. कुणीही हसलं नाही.

"बदलतो मावशी, आत्ताच्या आत्ता बदलतो," तो घाईनं म्हणाला. "हौसा टाकू?"

"ते टाकच. पण त्याला दिलेला पत्ता परत कसा घेशील? कुठल्या बटणानं?"



दुसऱ्या दिवशी सगुणा म्हणाली, "आज शटर खालीच ठेवू गो." हौसाच्याही मनात तेच होतं. पण शटरला हात लावला आणि तिला स्वतःचीच चीड आली. हा धंदा आपला, घाम आपला, आणि तोंड लपवायचं ते आपणच? तिनं शटर वर ढकललं आणि गिऱ्हाइकं जेवायला बसली तशी ती दारात जाऊन उभी राहिली.

दापोली गाडी लागली. इस्त्रीचा शर्ट घालून तो उतरला, तिला पाहून हसला आणि रस्ता ओलांडत साखरेच्या आवाजात म्हणाला, "राणी!"

त्यांच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. नांदत होती तेव्हा मार खातानासुद्धा हौसाच्या तोंडून 'अहो'च निघायचं.

"दीपक!" ती ओरडली. रिक्षावाले वळले. खानावळीतले घास हातात थांबले. "दीपक, तिथेच थांब! एक पाऊल पुढे टाकलंस तर पोलिसांत देईन!"

तो रस्त्याच्या मधोमध थांबला. पोलिसांचं त्याला एवढं काही वाटलं नसेल, पण भरल्या डेपोसमोर बायकोनं अरे-तुरे करून नावानं पुकारलं, तिथेच त्याचं तोंड पडलं. इकडेतिकडे बघत तो हळूच म्हणाला, "हौसा, अगं, लोक बघतायत..."

"बघू देत. गाडीत चढ, दीपक," ती म्हणाली, आणि तो चढेपर्यंत दारातून हलली नाही.