गोळीचं पॉलिश

"अगं, मनगट सोड माझं. खुर्चीला दुसरा हात द्यायचाय," बाबा वैतागले. दुसरा हात म्हणजे पॉलिशचा दुसरा थर. माझं नाडी मोजणं पुन्हा चुकलं होतं. बाबांना दुपारी चक्कर यायची, संध्याकाळी छातीत धडधड व्हायची आणि तरी ते निवांत असायचे. जिवाला घोर मला लागलेला.

महिन्याभरापूर्वी मीच त्यांची हृदयाची गोळी बदलली होती आणि हे सगळं तेव्हापासूनच सुरू झालं होतं. मोठ्या कंपनीची बंद करून जेनेरिक आणली, तीही डॉक्टरांना विचारून. औषध तेच, दिवसभर हळूहळू सुटणारं. पण दादाला कळलं आणि त्याने फोनवरून माझं डोकं खाल्लं. "स्वस्तातला माल बाबांच्या पोटात घालतेस? रविवारी येतोय मी, घेऊन जातो त्यांना. वर्कशॉपला कुलूप लाव."

वर्कशॉपला कुलूप म्हणजे बाबांनाच कुलूप, हे दादाला कोण सांगणार? मला त्याचा संताप आला. आणि त्याचंच खरं निघालं तर, या भीतीने रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी नेहमीसारखी वर्कशॉपमधल्या बाबांच्या टेबलावर गोळी आणि पाणी ठेवलं, पण ऑफिसला न जाता तडक औषधांच्या दुकानात गेले.

"तुम्ही साधी गोळी दिलीत! पोटात गेल्या गेल्या विरघळणारी!"

दुकानातल्या बाईंनी जुनी आणि नवी पट्टी शेजारी शेजारी ठेवली. "वाचा ना ताई. एक्स्टेंडेड रिलीज, म्हणजे हळूहळू सुटणारी. दोन्हींवर आहे."

दोन्हींवर होतं. भांडायला गेले होते, तोंड पाडून परत आले.

वर्कशॉपच्या दारातच माझे पाय थबकले. बाबा दिव्याखाली वाकले होते. चिमटीत गोळी, दुसऱ्या हातात सगळ्यात बारीक पॉलिश पेपर. गोळी हलकेच घासली, फुंकर मारून पिवळी भुकटी उडवली, पटाशीने दोन तुकडे केले आणि आतली बाजू निरखून पाहिली. तुकडे तोंडाकडे नेले तेवढ्यात मी झडप घालून ते हिसकावले.

"बाबा! हे काय चाललंय?"

"वरचं काढतोय. स्वस्तातल्या मालाला एवढी चकाकी कशाला? आत काहीतरी दडवलेलं असणार."

"जुनी गोळीही घासायचात?"

"ती कशाला घासू? ती चांगल्या कंपनीची."

मला हसू येत होतं, रडू येत होतं आणि हे तुकडे त्यांच्याच डोक्यात घालावेसे वाटत होते. "अहो, त्या वरच्या थरातून औषध जरा जरा बाहेर येतं, दिवसभर! तुम्ही तोच खरवडलात. मग सगळं औषध दुपारपर्यंत अंगात, म्हणून चक्कर. आणि संध्याकाळी काही उरतच नाही, म्हणून धडधड."

बाबा पुटपुटले, "म्हणजे सगळं पॉलिश एकाच हातात ओतल्यासारखं."

"तसंच!"

मी डॉक्टरांना फोन लावला. ते तुकडे फेका, सबंध गोळी द्या आणि दुपारी तपासायला आणा, असं ते म्हणाले. बाबांनी गोळी मुकाट्याने गिळली. मग स्टुलावर बसून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "भुशाच्या फळ्या चमकवून अस्सल लाकूड म्हणून किती खपवल्यात मी, तुला ठाऊक नाही. वाटलं, गोळी बनवणाराही माझ्याच जातकुळीतला असेल."

तेवढ्यात दादाचा फोन आला. मी तोंड उघडायच्या आत बाबांनी तो माझ्या हातातून घेतला.

"रविवारी न्यायला येऊ नकोस मला," ते म्हणाले. "गोळी अस्सल आहे. लबाड तुझा बाप होता."

फोन परत दिला आणि मी न मागताच त्यांनी मनगट पुढे केलं.