कंपनी वाचवण्याचा ठराव

म्हसावदच्या गॅरेजवाल्या उमाकांतने आमच्या जीपच्या ब्रेकचा जुनाच सिलिंडर घासूनपुसून परत बसवला. "नवा पार्ट येत नही, भो. कंपनीच बुडी ऱ्हायनी," तो म्हणाला. माझ्या नवऱ्याने, करमसिंगने, हे मला जेवताना सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं. ती जीप घेऊन तो रोज दोनदा तोरणमाळचा घाट उतरतो. बाजाराच्या दिवशी मी सात महिन्यांच्या मुलीला घेऊन त्याच जीपमध्ये बसते.

चार दिवसांनी ग्रामसभा भरली. सरकारने पैसा घालून ती कंपनी वाचवावी, असा ठराव करायचा होता. पाड्यातल्या चारही जीपा तिच्याच. मागे ठराव करून आम्ही दारूचं दुकान हटवलं होतं. मग ठरावाने कारखाना का चालू राहणार नाही, असं सभा चालवणाऱ्या दिलवरसिंगकाकांचं म्हणणं.

"ए बी.ए., तू लिही," त्यांनी वही माझ्याकडे सरकवली.

फुलवंताबाई उसळल्या. "मोहाच्या फुलांचा भाव पडला तेव्हा आलं होतं का सरकार? कंपनीवाला काय जावई लागतो त्यांचा?"

"हजारो माणसं कामाला आहेत तिथे," काका म्हणाले.

"मग माणसांना द्या. मालकाला कशाला?"

"आणि जीपचे पार्ट कोण बनवणार? तू?"

"बनवीन की. तुझ्या ड्रायव्हरांपेक्षा माझा विळा नीट चालतो."

लोक हसले.

आमच्याकडे हात वर करून मोजत नाहीत. प्रत्येकाच्या तोंडून 'हो' येईपर्यंत बसायचं. ऊन उतरलं तेव्हा फुलवंताबाईही तयार झाल्या, "पण पैसा घेतला तर आधी पार्ट बनवायचे, असं लिही" म्हणून. मी लिहिलं. मग काकांनी माझ्याकडे पाहिलं. ड्रायव्हरची बायको म्हणून माझं 'हो' त्यांनी धरलेलंच होतं.

कंपनी वाचावी असं मलाही वाटत होतं. पण सरकार कधी ठरवणार, कारखाना कधी सुरू होणार, पार्ट म्हसावदला कधी पोचणार? मुलगी मांडीवर माझा पदर चोखत होती.

"माझं हो नाही," मी म्हणाले. "नवा सिलिंडर येईपर्यंत आमची जीप घाट उतरणार नाही, हेही लिहायचं. मग हो."

करमसिंग उभाच राहिला. "दहा वर्षं उतरतोय मी हा घाट."

"चांगल्या ब्रेकवर."

"घरचं घरी बोलायचं!"

"त्यात बाकीचेही बसतात. म्हणून इथे."

"बाकीच्या तिन्ही जीपांचं काय?" बायकांमधून धनुबाईंनी विचारलं. "त्यांचे ब्रेक कसे आहेत?"

तिघे ड्रायव्हर मागे बसले होते. मग एक म्हणाला, "माझाही जुनाच बसवलाय." दुसऱ्याने 'माझाही' म्हणून मान हलवली; तिसऱ्याचा तेवढा चांगला होता.

काकांनी मला पुढचं लिहायला सांगितलं: तीन जीपा उभ्या राहतील, चौथी आधी म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना नेईल. बायका कुरकुरल्या, बाजाराची टोपली डोक्यावरून न्यावी लागेल म्हणून. तरी एकेकीने 'हो' म्हटलं.

शेवटचा राहिला करमसिंग. "हो," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता. त्याने जीपची चावी वहीवर ठेवली आणि मुलीला उचलून घराकडे निघाला.