पस्तीस किलोचा गट

समुद्रपूरच्या बाजारात आमचं धान्याचं दुकान. आमचे हे, प्रभाकरराव, असे पक्के की पोत्यात मूठभर खडे कोणी मिसळले तरी ओळखतील. पोटच्या पोरीच्या बाबतीत मात्र यांचे डोळे कुठे गेले होते, कोण जाणे!

सत्त्याण्णव सालची गोष्ट. आमच्या भागात कबड्डीचे गट वजनावर पडतात. आमची आचल पस्तीस किलोच्या गटात होती. सामने जवळ आले की हे तिला रोज धान्याच्या काट्यावर उभी करायचे, आणि काटा जरा सरकला की तिची पोळी अर्धी. पोरीचं मन खेळावरून कधीच उडालं होतं. सरावाची वेळ झाली की तिचं पोट दुखायचं. मी म्हटलं, "कंटाळली हाये ते. सोडू द्या तिले."

"तुले खेळातलं काय समजते?" असं म्हणून हे तिला सरावाला घेऊन गेले.

गिरडच्या सामन्याच्या आदल्या दिवशी काटा छत्तीसवर गेला. यांनी तिची कंबर चाचपली, तर ओढणीत किलोचं लोखंडी वजन बांधलेलं! मला वाटलं, पोरीला खेळायचं नाही हे आता तरी कळेल. हे हसतच सुटले. "पाह्य ज्योत्स्ना, मोठ्या गटात खेळाची घाई झाली पोरीले!" येईल त्या गिऱ्हाइकाला कौतुकानं सांगितलं. आचल खाली मान घालून उभी होती. ते हसणं मला अजून खुपतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गिरडला गेलो. आचल चढाईला निघाली, कबड्डी-कबड्डी म्हणत पार आत शिरली आणि तोंड मिटून उभी राहिली. समोरच्या पोरींनी तिला धरलंसुद्धा नाही. ती नुसती बाबांकडे पाहत होती. तेव्हा कुठे यांचा चेहरा उतरला.

बसस्टँडवर यांनी तिच्या हातात भज्यांचा पुडा दिला. "खा पोटभर. उद्यापासून काटा नाई. नको खेळू."

तिनं पुडा तसाच धरला. "मंग तुमी माह्यासंग काय बोलसान?"

खरंच, वजन आणि चढाई सोडून या बापलेकीत दुसरा विषय कधी निघालाच नव्हता. दिवसभर गिऱ्हाइकांशी गप्पा हाणणारे हे बसच्या वेळांची पाटी वाचू लागले. बस दिसू लागली तेव्हा हळूच म्हणाले, "तू... सातवीत हायेस ना?"

आचल आठवीत होती. तिनं मान हलवून हो म्हटलं.