फ्रेमबाहेरची मोटर

"ती मोटरची पेटी तेवढी मध्ये येतेय," केयूर म्हणाला. "पुढच्या रविवारी कशानं तरी झाकता येईल का? आणि भाताच्या पिंजराची गंजी पलीकडं सरकवता आली तर फारच छान."

मंगलचे कान टवकारले.

उचगावच्या त्यांच्या रानात बांधाच्या कडेला तीन हुडवे उभे होते. पावसाळ्यातल्या जळणासाठी शेणी, म्हणजे गोवऱ्या, नीट रचून, वरून शेणानं लिंपून बंद केलेले, माणसाच्या उंचीचे. लिंपण ओलं असतानाच मंगलची सासू जयाबाई त्यावर चार बोटांनी नक्षी ओढायची. कधी कणसं, कधी पाण्याच्या लाटा, कधी मोराची पिसं. गावातल्या इतर बायकाही ओढायच्या, पण जयाबाईचा हात निराळा, हे त्या बायकाच सांगायच्या.

केयूर बेळगावात टिळकवाडीला राहायचा आणि लग्नाचे फोटो काढून पोट भरायचा. रस्त्यानं जाताना त्याला हे हुडवे दिसले होते. जगभरातले आजचे चित्रकार, फोटोग्राफर, डिझायनर हुडकून दर आठवड्याला एकाचं काम दाखवणारी एक परदेशी साइट होती. तिथं त्याला हुडव्यांचे फोटो पाठवायचे होते.

"गंजी कशाला हलवायची?" मंगलनं विचारलं.

"मोकळं दिसायला पाहिजे, ताई. नुसती जमीन, हुडवे आणि आकाश."

नुसती जमीन. नेमकं तेच मंगलला नको होतं. नव्या रस्त्याच्या आखणीत त्यांचं रान सापडलं होतं आणि कागदावर ते पडीक धरलं गेलं होतं. पावसाळ्यात भात, त्यामागून मसूर आणि बोअरच्या पाण्यावर मिरची निघणारं रान पडीक! त्यावर त्यांनी हरकत घेतली होती. सुनावणी पुढच्या महिन्यात होती. दोन पिकांचं रान आहे हे पटलं तर ते वाचण्याची आशा होती. आता वैशाखात मात्र मिरचीचा पट्टा सोडला तर सगळं उघडंच होतं, आणि मोटर न् गंजी नजरेआड केली की इथं कोणी राबतं हे सांगायला काही उरत नव्हतं.

केयूरनं फोन आडवा धरून गोल फिरवला. "उत्तर इकडं येते ना?"

"कशाला पाहिजे उत्तर?"

"ऊन कुठून येणार ते बघतोय."

ऊन कुठून येणार हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. उत्तर विचारत येतात ते मोजणीवाले. मंगलनं त्याच्या पिशवीत डोकावून बघितलं. आत ड्रोन होता.

"आत्ती, हे माणूस मला बरोबर वाटत न्हाय," रात्रीच्या भाकरी थापताना तिनं सासूला सांगितलं.

"का गं? माझं हुडवं बघून 'वा, वा' म्हणत हुतं बिचारं. तू लग्न होऊन आल्यापास्नं एकदा तरी म्हणलीस?"

मंगलचा नवरा साईराज ताटावर बसला होता. तो हसला. "तिला कशाला विचारतीस, आई? दिवसभर लॅबमधी लोकांचं रक्त तपासती. तिला समद्यात जंतूच दिसत्यात."

"असत्यात म्हणून दिसत्यात," मंगल म्हणाली.

ती बेळगावच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होती. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा खाताना तिनं ती साइट उघडली. साइटच नसेल असा तिचा होरा होता. पण साइट होती, आणि चांगली मोठी होती. आइसलंडच्या एका बाईनं मासे वाळवायच्या लाकडी माचांचे फोटो काढले होते. मेक्सिकोतला एक डिझायनर फुटक्या कौलांच्या खुर्च्या करत होता. कोरियातल्या एकानं संध्याकाळच्या वेळी आतून उजळलेली, पिकांवर उभारलेली प्लास्टिकची शेतघरं टिपली होती, जमिनीवर ठेवलेल्या कंदिलांसारखी. मंगलचा डबा तसाच राहिला. असलं काही जगात चालतं आणि ते आपल्या हातातल्या फोनवर दिसतं, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ती कोरियापाशी बराच वेळ थांबली.

मग तिच्या लक्षात आलं की एवढ्या फोटोंत माणूस कुठंच नाही. माचांवर मासे होते, पण ते लटकवणारा हात नव्हता. शेतघरांबाहेर चप्पल नव्हती, बादली नव्हती, पाण्याचा पाइप नव्हता. सगळं कुणीतरी आधी उचलून बाजूला ठेवलं असणार. खाली इंग्रजीत लिहिलेलं ती शब्द लावून वाचत गेली. निर्मनुष्य. विसरलेलं. ओसाड.

त्या आठवड्यात ती रोज दुपारी तिथं जायची. रोज नवं कुणीतरी सापडायचं, जीव रमायचा, आणि आपलं रानही इथं असंच ओसाड दिसेल या धास्तीनं तेवढाच टांगणीला लागायचा.

शुक्रवारी तिनं खासबागेत श्रीपाद वकिलांना गाठलं. हरकतीचं काम तेच बघत होते.

"फोटो तुमच्या परवानगीनं काढलेला, सगळ्या जगाला दिसणारा," वकील चष्मा पुसत म्हणाले. "उद्या समोरच्यानं तो पुढं केला आणि विचारलं, यात पीक कुठाय? मी काय दाखवू? शेणी?"

"त्याला समोरच्यांनीच पाठवलं असंल का?"

"ते मला काय ठाऊक? पण न पाठवलेला माणूससुद्धा घात करू शकतो, बाई."

रविवारी उजाडताना मंगल आणि जयाबाई रानात पोचल्या, तर केयूर आधीच आलेला. गंजी फ्रेमबाहेर राहील अशा बेतानं कॅमेरा तिपाईवर लावलेला होता. मोटरच्या पेटीवर त्याच्या गाडीतली मातकट ताडपत्री पडली होती, आणि ती पेटी आता ढेकळांचा ढीग वाटत होती.

"आम्ही यायच्या आधीच सुरू केलंत?" मंगल म्हणाली.

"उजेड थांबत नाही ना, ताई."

"तुम्हाला कुणी पाठवलंय?"

तो आधी हसला. मग तिचा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं. "कोण पाठवणार? त्या साइटला मी कधीपासून फोटो पाठवतोय. दर वेळी नकार येतो. या वेळी वाटलं, असलं काम त्यांनी कुठंच बघितलेलं नसणार."

"फोटोखाली काय लिहिणार?"

त्यानं फोन काढून इंग्रजी वाचून दाखवलं आणि मग मराठीत सांगितलं, "पडीक रानातली शिल्पं."

"काय म्हणालास?" जयाबाई मिरचीच्या सरीतून उठून उभी राहिली. "पडीक? कुणाचं रान पडीक?"

"म्हणजे... रिकामं दिसतंय ना, आक्का, म्हणून."

"तुझ्या लग्नाच्या हॉलात रोज वरात असती व्हय रं? एक दिस रिकामा दिसला की त्येला पडीक म्हनतोस? रान इसावा घेतंय बाळा, मेलं न्हाय!"

ती तरातरा गेली, ताडपत्री ओढून फेकली आणि मोटरचं बटण दाबलं. पाइपातून पाणी उसळलं. मिरचीच्या सऱ्या भरल्या, आणि पाणी हुडव्यांच्या पुढ्यातून काळी वाट करत निघालं. जयाबाईनं पदर खोचला, खोरं घेतलं आणि ती हुडव्यासमोर उभी राहिली.

"हां, काढ आता. मोटर धरून काढ. आन् खाली माझं नाव लिही."

"असा फोटो ते घेणार नाहीत, आक्का."

"मग ऱ्हाऊ दे त्येंचं."

केयूरनं चारदोन फोटो काढले, पाहुण्याच्या घरी नको असलेला चहा प्यावा तसे. मग तो सामान आवरायला लागला. मंगल तिपाईशेजारी येऊन उभी राहिली.

"आधीचे दाखवा."

त्यानं कॅमेऱ्याचा पडदा तिच्याकडं वळवला.

निळसर उजेडात तीन हुडवे उभे होते. मागं काहीही नव्हतं. तिरप्या प्रकाशात जयाबाईच्या बोटांची एकेक रेघ उठून आली होती. कुठं बोट जोरात दाबलंय, कुठं अलगद उचललंय, तेही कळत होतं. इतकी वर्षं मंगल या हुडव्यांतून शेणी काढत होती. हीच नक्षी रोज फोडून ती चूल पेटवत होती. त्या साइटवर हा फोटो दिसला असता तर ती कोरिया सोडून इथं थांबली असती.

आणि हे बघून कुणीही म्हटलं असतं की या जमिनीला वाली नाही.

"पुसून टाका," ती म्हणाली.

केयूरनं कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं. ते नखाएवढं होतं. "पुसत नाही. माझ्याच्यानं होणार नाही. कार्डच ठेवा तुमच्याकडं. सुनावणी झाली की द्या."

"यात तोच फोटो आहे कशावरून?"

त्यानं कार्ड पुन्हा आत घालून फोटो दाखवला, कार्ड तिच्यासमोर बाहेर काढलं आणि तिच्या तळव्यावर ठेवलं. "ताई, तुम्ही कुणावरच विश्वास ठेवत नाही का?"

"ठेवते की. निकाल लागल्यावर."

"जाताना मिरच्या घिऊन जा रं!" जयाबाई पाण्याची वाट वळवता वळवता ओरडली. "ओसाड माळावरच्या हैत. तुझ्या साइटवाल्यास्नी बी पाठवून दे!"

केयूरला हसू आवरलं नाही. मंगल हसली नाही.

सुनावणीला तिनं त्याच कार्डातले पाण्याच्या वाटेचे आणि खोरं घेतलेल्या जयाबाईचे फोटो वकिलांना दिले. ते दाखल झाले. मग अधिकारी बदलले आणि तारीख पुढं गेली. त्याच सुमारास एका दुपारी केयूरचा फोन आला. साइटला फोटो पाठवायची मुदत संपत आली असणार, हे मंगलच्या लक्षात आलं. कार्ड मागितलं तर काय सांगायचं हे तिनं मनात जुळवून ठेवलं.

त्यानं कार्डाचं नावसुद्धा काढलं नाही. "रानाचं काय झालं?" एवढंच विचारलं.

"तारीख पुढं गेली."

"बरं. मग राहू दे तुमच्याकडंच. आक्कांना नमस्कार सांगा."

फोन ठेवल्यावर मंगलला बरं वाटलं. इतके दिवस आपण उगीच त्या पोराला धारेवर धरलं, असंही वाटलं. तिनं डबा उघडला, पहिला घास तोंडापर्यंत नेला आणि तिथंच थांबली.

इतक्या सहज राहू दे म्हणाला?

ज्या फोटोसाठी तो उजाडायच्या आत रानात येऊन बसला, जो पुसायला त्याचा हात धजला नाही, तो फोटो दुसऱ्याच्या कपाटात ठेवून माणूस असा निवांत कसा राहील? त्याच्याकडं दुसरी प्रत असेल तरच. किंवा तो खरंच चांगला असेल तर. दोन्हींतलं कुठलं, हे ठरवायला तिच्याकडं कसलीच तपासणी नव्हती.

तिनं साइट उघडली. या आठवड्याचं पान सेनेगलच्या एका बाईचं होतं. ती जुन्या होड्यांच्या फळ्यांवर रंगकाम करायची. लाल, पिवळे, समुद्री निळे रंग एकाशेजारी एक धिटाईनं लावलेले होते. मंगलनं त्या रंगांवर नजर ठरू दिली नाही. ती भराभर खाली सरकत गेली, पुढचं पान, त्याच्या पुढचं पान, करड्या जमिनीवरचे तीन ढीग शोधत.