क्लोरीन कुठेच नाही

मी कोयता बोलतोय, केळीची खोडं तोडणारा. माझ्या आठवणीवर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा. आम्ही कोयते पाहतो ते धारेने, आणि माझी धार कानशीवर इतकी झिजली आहे की ज्या कडेने मी हे सगळं पाहिलं, ती कड आता माझ्या अंगावर उरलेलीच नाही. लोहाराचा भाता मला आठवतो असं वाटतं. कदाचित ते शेजारच्या कोयत्याने सांगितलेलं असेल.

एवढं नक्की की मी जुन्या जीपच्या पाट्यापासून बुऱ्हाणपुरात घडलो आणि एका कागद कारखान्याने मला विकत घेतलं.

कागद कारखान्याला कोयता कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. त्याचं कारण होते सदाशिवराव. कच्च्या मालाच्या खरेदीचं काम त्यांच्याकडे. महाराष्ट्रातून आलेले, कागदातच डॉक्टरेट केलेले, आणि गेटातून बाहेर पडल्यावर टेबलाचा खण बंद केला की नाही हे पाहायला परत फिरणारे. लगद्यासाठी बांबू फार लांबून ट्रकने यायचा. इकडे तापीकाठी घड उतरले की केळीची खोडं बांधावर पडून कुजायची. हीच खोडं आणू, ते म्हणाले. जंगल वाचेल, डिझेल वाचेल.

तोडणाऱ्यांच्या टोळीत मी लोटूच्या हाती आलो. काम दिसतं तेवढं सोपं नाही. खोडाच्या बुंध्याशी फुटलेला नवा कोंब, पील, उभा असतो. पुढचं पीक, म्हणजे पीलबाग, त्याच्यावर. त्याला न दुखवता त्याच्या आईला तोडायचं.

सदाशिवरावांनी कुठेसं वाचलं होतं की केळीचा मर रोग मातीतून आणि अवजारांवरून एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात जातो. तेव्हा त्यांनी टोळीबरोबर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याची बादली दिली. मळा बदलला की आम्ही सगळे त्यात बुडायचो.

"साहेब, कोयत्याले रोज आंघोळ," लोटू म्हणायचा, "आन आम्हाले चहा भी नाही."

"चहा देतो रे. आधी त्याला नीट बुडव. मुठीपर्यंत."

"मुठीपर्यंत बुडवतो. साबण भी लावू का?"

त्या पाण्याने अंग चरचरायचं, गंज चढायचा. बादली मला आवडत नव्हती. ती गेली तेव्हा मला बरंच वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

ती गेली ती अशी. कारखान्याचा कागद घेणाऱ्या मोठ्या कंपनीकडून निरंजन नावाचा तरुण तपासणीला आला. माल कुठून येतो, कसा येतो, सगळं पाहत तो मळ्यापर्यंत आला. निघताना गाडीत बसता बसता त्याने विचारलं, "सर, पुऱ्या साखळीत क्लोरीन कुठेच नाही ना?"

"कुठेच नाही," सदाशिवराव म्हणाले. कारखान्यात खरोखरच नव्हता.

गाडी गेली आणि त्यांची नजर बादलीवर पडली.

"लोटू, मी खोटं बोललो. ब्लीचिंगमध्ये क्लोरीनच असतो."

"मग फोन लावा ना. सांगा, बादलीत हाय म्हणून."

"करार हातचा जाईल. त्यांचा नियम आहे, पुऱ्या साखळीत नको." त्यांनी बादली पायाने जरा बाजूला सारली. मग म्हणाले, "ओतून टाक. म्हणजे बोललो ते खरं होईल."

"आन कोयते?"

"साध्या पाण्याने धुवा. दुसरं औषध मी शोधतो."

ते शोधत राहिले. मधल्या काळात मी ज्या एका मळ्यात गेलो, तिथल्या खोडांत तांबूस वर्तुळं होती. लोटूला वाटलं, खोडं जून झाली असतील. दुसऱ्या दिवशी आम्ही जसोंडीला मालूबाईंच्या मळ्यात पोचलो. खंडेनवमी होती. मालूबाईंनी टोळीतले सगळे कोयते ओट्यावर मांडायला लावले, माझ्या पात्याला हळदकुंकू लावलं आणि झेंडूचं फूल वाहिलं. "माह्या पिलाले सांभाळजो रे बापा," त्या मला म्हणाल्या. त्याच कुंकवाच्या पात्याने मी एकेका पिलाच्या पायाशी शिरलो.

पुढच्या वर्षी त्यांच्या पीलबागेची खालची पानं पिवळी पडून बुंध्याभोवती लोंबायला लागली. खोड चिरलं, तर आत तीच तांबूस वर्तुळं, मर रोगाची. मळा उपटून टाकावा लागला. मालूबाईंनी दोष दिला त्यांच्या मुलाला, उमेशला. लागवडीचे कंद त्याने देडतलाईच्या दोस्ताकडून आणले होते.

"दोस्तीपायी मळा बुडवला यानं," त्या येईल त्याला सांगायच्या. उमेशशी बोलणं बंद. त्याचं ताट सून वेगळं वाढायची.

लोटूने ही हकीकत सदाशिवरावांच्या कानावर घातली. तोवर ते निवृत्त होऊन बुऱ्हाणपुरातल्याच लालबागेत राहत होते. त्यांनी लोटूकडून मला मागून घेतलं. जयश्रीबाई, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, "हे धूड बैठकीत नको." त्यांनी मला स्पिरिटने पुसलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि जसोंडीची बस धरली.

मालूबाईंच्या ओट्यावर त्यांनी मला उघडं केलं. "हा सगळ्या मळ्यांतून फिरला. मर यानेच आणली असणार. उमेशच्या कंदांचा यात काही दोष नाही."

"तुम्ही तर धुवायचे ना कोयते? लोटू सांगायचा, हसायचा."

"धूत होतो. मग मीच बादली बंद केली."

"का?"

"कंपनीचा नियम होता."

मालूबाईंनी वर्तमानपत्र माझ्यावर परत ओढलं. मग म्हणाल्या, "नियमच व्हता, तर तुम्ही तरी काय करसाल, साहेब." आणि आत वळून हाक मारली, "उमेश, पाणी आण रे साहेबांले."

त्या हाकेवर सदाशिवरावांनी पुष्कळ दिवस काढले. नियम होता, ते स्वतःशी पुटपुटायचे. मीही तेच धरून बसलो होतो. मर मीच नेली, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. नेली नाही, असंही म्हणवत नाही. तेव्हा एवढंच मागतो, की मला कुणाच्या मळ्यात नेऊ नका. भंगारात घाला, वितळवा.

मर मातीतून वर्षानुवर्षं जात नाही, म्हणून मालूबाईंच्या त्या रानात अजून कापूसच असतो. मधे बरीच वर्षं गेली. परवा निरंजनचा फोन आला, सहज, खुशाली विचारायला. बोलता बोलता सदाशिवरावांनी त्याला तो नियम विचारला.

"सर, तो फक्त लगदा पांढरा करण्यापुरता होता," निरंजन म्हणाला. "शेतात तुम्ही काय वापरता, याच्याशी आमचा संबंधच नव्हता."