साइड द्यायची नाही

निम्म्या कोथरूडला रामदासरावांनी गाडी शिकवली होती आणि उरलेल्या निम्म्याला, त्यांच्या मते, अजून कोणी शिकवलीच नव्हती. बायकोच्या नावानं काढलेलं 'नंदा मोटार ड्रायव्हिंग स्कूल' चालवता चालवता त्यांचे केस पिकले. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, एक पाय जादाच्या ब्रेकवर ठेवून ते सांगत, "मागून कोणी आलं की डावीकडे सरका, साइड द्या. घाई त्याला आहे, तुम्हाला नाही."

त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, मैत्रीला, मात्र भलतीच घाई होती. तिला मोटारसायकलच्या शर्यतीत उतरायचं होतं. चेन्नईच्या एका टीमला इथून एक मुलगी हवी होती आणि कात्रजच्या पलीकडच्या छोट्या ट्रॅकवर नवशिक्यांसाठी जो ट्रॅक डे, म्हणजे दिवसभर गाडी पळवून बघायचा दिवस होता, त्यातूनच टीमचे प्रशिक्षक विक्रम सर ती निवडणार होते. टीमची वयाची अट अशी होती, की मैत्रीला यंदा जमलं नाही तर कधीच नाही.

"एकटी जायचं नाही," रामदासराव म्हणाले. "मीही नाव देतो."

"बाबा, तो ट्रॅक आहे. पिकनिक नाही."

"म्हणून तर येतोय. पिकनिकला आलो नसतो."

नंदाताईंना पटवायला दुसरा उपायही नव्हता. मैत्री हो म्हणाली.

रविवारी सकाळी रामदासराव भाड्याच्या लेदरच्या सूटमध्ये शिरले. शिरले म्हणजे मैत्रीनं त्यांना त्यात कोंबलं. चेन वर येईना तेव्हा मैत्री म्हणाली, "श्वास सोडा बाबा, परत घेऊ नका." हसू दोघांनाही आलं. मग ट्रॅकच्या नियमाप्रमाणे तिनं त्यांच्या मोटारसायकलच्या दिव्यांना चिकटपट्टी लावली आणि दोन्ही आरसे काढून पिशवीत टाकले. आरशात बघितलं नाही म्हणून ज्यांनी माणसांना रडवलं होतं, त्या रामदासरावांना गाडीवर बसल्यावर उघडं पडल्यासारखं वाटायला लागलं.

विक्रम सरांनी सगळ्यांना सावलीत उभं करून नियम सांगितले. "मागे बघायचं नाही. मागचा तुम्हाला बघतोय, कुठून जायचं ते तो ठरवेल. तुम्ही आपली लाइन धरा. वळणाआधी नारिंगी कोन ठेवलाय, तिथपर्यंत बाहेरून जायचं आणि मगच आत वळायचं. आणि हे पुण्यातल्या लोकांना मुद्दाम सांगतो, साइड द्यायची नाही."

रामदासरावांनी हात वर केला. "मागच्याला घाई असेल तर?"

"काका, इथे सगळ्यांनाच घाई आहे. ज्यांना नाही ते घरी झोपलेत."

सगळे हसले. रामदासरावही हसले, पण ऐकलं त्यांनी नीट. घोकलंसुद्धा. कोनापर्यंत बाहेर, मग आत. साइड नाही.

सकाळच्या फेऱ्या छान झाल्या. मैत्री वळणावर अशी झुकायची, की कठड्याशी उभे असलेले लोक बोलता बोलता गप्प व्हायचे. कोथरूडच्या सिग्नलला जिला ते हळू चालव म्हणून ओरडत आले, ती हीच, यावर त्यांचा विश्वास बसेना. जेवताना विक्रम सर शेजारी येऊन बसले. "काका, मुलगी नेतोय आम्ही तुमची. दुपारचं सेशन नीट होऊ दे, संध्याकाळी नाव पाठवतो." रामदासरावांचा घास तोंडातच राहिला. इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता आणि तो लपवताही येईना.

दुपारी ते पुन्हा ट्रॅकवर उतरले. थोड्या फेऱ्या झाल्यावर मागून आवाज आला. मैत्रीच्या गाडीचा आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता. समोर डावं वळण होतं आणि कोन अजून लांब होता. नियम त्यांच्या डोक्यात होता, पण हातांना तो कोणी सांगितला नव्हता. पोर मागे अडकलीय, तिचं आज सगळं ठरायचंय, जाऊ दे तिला पुढे, एवढंच त्यांना वाटलं. आणि जन्मभर शिकवत आले तसे ते कोनाच्या आधीच, अलगद, डावीकडे सरकले.

मैत्री डावीकडूनच आत घुसली होती. ते बाहेरून, म्हणजे उजवीकडून जाणार हे तिनं धरलं होतं, कारण नियमच तो होता.

रामदासरावांना धक्काही लागला नाही. ती उजवीकडून पुढे जाईल म्हणून ते वाट बघत राहिले. कोणीच गेलं नाही. पुढच्या वळणावर सगळ्यांना थांबवणारा लाल झेंडा दिसला, तेव्हा त्यांना कळलं.

सातारा रस्त्यावरच्या दवाखान्यात तिला नेलं. मनगट मोडलं होतं आणि खांद्याचं हाड दोन ठिकाणी. विक्रम सर बाहेर येऊन म्हणाले, "वाईट वाटतं काका. पण नाव आजच पाठवायचं होतं. दुसऱ्या मुलीचं पाठवलं." रामदासराव हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? कोणी त्यांना दोन थोबाडीत मारल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

आत तरुण डॉक्टर प्लॅस्टर गुंडाळत होता. रामदासराव पायाशी उभे राहिले, अजून त्याच सूटमध्ये.

"कशी पडलीस?" डॉक्टरनं विचारलं.

"पुढे एक नवशिका होता," मैत्री म्हणाली. "मध्ये आला. चुकवायला गेले."

"अशांना ट्रॅकवर सोडतातच कशाला? ओळखीचा होता?"

रामदासराव एक पाऊल पुढे आले.

"नाही," मैत्री म्हणाली.

आपल्याला वाचवायला ती तसं म्हणाली, असं धरून चालायचं त्यांनी ठरवलं. डॉक्टर गेला, नर्स येऊन इंजेक्शन देऊन गेली, नंदाताईंचे फोन येत राहिले. तेवढ्या वेळात मैत्रीनं एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाही.